भोगीची भाजी आपल्या परसातली: पहिल्यांदा भाजीपाला लावणाऱ्यांसाठी

परसबाग करायची म्हटलं की बहुतेक जण मृगाची वाट बघतात. पहिला पाऊस पडतो, मातीचा वास येतो, हात शिवशिवतात आणि हाताला लागेल ते बी मातीत जातं. पुढच्या दोन महिन्यांत गवत गुडघ्याला येतं, गोगलगायी कोवळी रोपं फस्त करतात, साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात आणि श्रावण सरेपर्यंत माणूस नाद सोडून देतो. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. तिसऱ्या वर्षी घरातल्या आजारपणात पावसाळा निघून गेला, नवरात्रात हातात खुरपं घेतलं आणि बाग साधली. तेव्हापासून नव्या माणसाला मी एकच सांगते: पहिली बाग हिवाळ्याची करा.

हिवाळ्यात पाणी आपल्या हातात असतं. द्यायचं तेव्हा द्या, नको तेव्हा थांबा. तण हळू वाढतं, ऊन स्वच्छ मिळतं, आणि आपल्याकडच्या निम्म्याअधिक भाज्यांना हाच काळ मानवतो. शिवाय या हंगामाला एक तारीख आहे. संक्रांतीचा आदला दिवस, म्हणजे भोगी, साधारण १३ जानेवारीला येते (एखाद्या वर्षी १४ ला). वांगी, गाजर, ओला हरभरा, पावटा, कुठे मटार, कुठे ओले शेंगदाणे आणि बोरं, वरून तिळाचं कूट आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्या दिवसांत शेतात जे तयार असतं तेच त्या कढईत पडतं. म्हणून मी बागेचं वेळापत्रक भोगीपासून मागे मोजत करते. कोणती भाजी किती दिवसांत येते ते माहीत असलं की पेरायची तारीख आपोआप मिळते.

खालचं सगळं मी देशावरच्या हवेला धरून लिहिते आहे. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत पाणी झरझर खाली जातं, तिथे पाण्याच्या पाळ्या जवळ आणा आणि खत थोडं वाढवा.

जागा: डिसेंबरचं ऊन डोळ्यांपुढे ठेवा

दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढी जागा पहिल्या वर्षाला पुरे. मोठी जागा असली तरी एवढीच घ्या, कारण खुरपणी तुम्हालाच करायची आहे.

जागा निवडताना हमखास चूक होते ती सावलीची. मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. तेव्हा भिंतीच्या चारही बाजूंना ऊनच ऊन दिसतं. पण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. दहा फूट उंचीची भिंत डिसेंबरच्या शेवटी दुपारी उत्तरेकडे जवळजवळ नऊ फुटांची सावली टाकते, आणि ती जागा दिवसभर थंड, ओलसर राहते. म्हणून सोपा हिशेब ठेवा: भिंतीची, कुंपणाची जेवढी उंची, तेवढी जागा तिच्या उत्तरेला सोडून द्या. घराच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला जागा असेल तर सोनंच. दिवसाला सहा तास ऊन हवं. पालेभाज्या चार तासांवरही भागवतात, वांगं आणि हरभरा भागवत नाहीत.

वाफे पूर्व-पश्चिम लांबीचे करा. अडीच फूट रुंदीचे तीन वाफे आणि मध्ये सव्वा-सव्वा फुटाच्या दोन पायवाटा, दहा फूट बरोबर भरतात. वाफ्यात कधीही पाय ठेवायचा नाही, म्हणून ही रुंदी. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. सगळ्यात उत्तरेच्या वाफ्यात पावट्याचा मांडव येईल, म्हणजे त्याची सावली दुसऱ्या कुठल्या पिकावर पडणार नाही. मधल्या वाफ्यात वांगी. दक्षिणेच्या वाफ्यात अर्ध्या भागात गाजर आणि अर्ध्यात हरभरा.

सप्टेंबरचा शेवट: वाफसा आणि खत

पावसाने उघडीप दिली की माती खणायची, पण लगेच नाही. ओल्या मातीत कुदळ घातली तर ढेकळं होतात आणि ती वाळून दगड बनतात. वाफसा येऊ द्या. मूठभर माती घट्ट दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. गोळा तसाच राहिला तर अजून दोन दिवस थांबा. फुटून भुगा झाला तर वाफसा आला. काळ्या मातीत ही वेळ दोन-तीन दिवसच टिकते, नंतर ती टणक होते, तेव्हा रोज बघत राहा.

वीतभर खोल खणा. दगड, हराळीच्या काशा, लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढा. लव्हाळ्याची एक गाठ राहिली की महिन्यात तिथे दहा उगवतात, त्यामुळे इथे घाई करू नका. मग पूर्ण कुजलेलं शेणखत पाच-सहा घमेली आणि निंबोळी पेंड दोन किलो, सगळीकडे सारखं पसरून मातीत मिसळा.

‘पूर्ण कुजलेलं’ या शब्दांवर माझा फार जोर आहे. पहिल्या वर्षी मी गोठ्यावरून अर्धवट कुजलेलं खत आणलं. दिसायला छान होतं. त्यातून हुमणी आली, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या. चांगली हातभर झालेली वांग्याची झाडं एका दुपारी मान टाकायची, उपटून पाहिलं तर खाली मुळंच नसायची. खत आणताना मुठीत घेऊन बघा. शेणाचा वास येता कामा नये, मातीचा यावा. ढिगात हात घातला तर गरम लागू नये. गवताच्या काड्या ओळखू येऊ नयेत. हुमणी दिसलीच तर खत उन्हात पातळ पसरा, पक्षी बाकीचं काम करतात.

गाजराच्या अर्ध्या वाफ्यात मात्र शेणखत अगदी थोडं घाला आणि माती पीठ चाळल्यासारखी मोकळी करा. खताचा गोळा किंवा खडा मध्ये आला की गाजराला दोन-तीन फाटे फुटतात. तिथली माती चिकट असेल तर दोन घमेली वाळू मिसळा.

वाफे पायवाटेपेक्षा अर्धा फूट उंच करा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस एखादा दणका देतोच. गादीवाफा असला की पाणी बाजूला निघून जातं.

बी: घटाकडे बघा

ज्यांच्या घरी घट बसतात त्यांना बी तपासायला वेगळं शिकावं लागत नाही. माती, धान्य, रोजचं बेताचं पाणी, आणि नऊ दिवसांत कुठलं धान किती उगवलं ते समोर दिसतं. तेच आपल्या बियांचं करायचं. दहा दाणे ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा, कापड वाळू देऊ नका. हरभरा, मेथी, पावटा चार-पाच दिवसांत मोड दाखवतात. धने आणि गाजर यांना दहा-बारा दिवस द्या. दहातले आठ उगवले तर बी उत्तम. पाच उगवले तर दुप्पट पेरा. त्याहून कमी असतील तर दुसरं आणा.

हरभरा, मेथी, धने घरच्या डब्यातले चालतात, मात्र हरभरा अख्खा आणि न भाजलेला हवा. पावट्याचं बी गावाकडून मिळालं तर ते घ्या, दुकानातल्यापेक्षा आपल्या हवेला ते जास्त मुरलेलं असतं. गाजर आणि वांग्याचं बी मात्र कृषी सेवा केंद्रातून पाकीट बघून, तारीख तपासून आणा. दुकानातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बुरशीचं औषध लावलेलं आहे. हात लावल्यावर साबणाने धुवा, मुलांच्या हाती देऊ नका, आणि उरलेलं पाखरांना टाकू नका.

भोगीपासून मागे मोजताना

वांग्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. बी ते रोप महिना-सव्वा महिना, आणि रोप लावल्यापासून पहिलं वांगं हाताला यायला दोन ते सव्वादोन महिने. म्हणजे बी २५ सप्टेंबरच्या आसपास ट्रेमध्ये किंवा पसरट कुंडीत पडायला हवं. नव्या माणसाने सरळ रोपवाटिकेतून रोपं आणावीत असं माझं मत आहे. दसऱ्याच्या मागेपुढे आणा, वीतभर उंचीची, जाड खोडाची, फूल न आलेली. पाच झाडं चौघांच्या घराला पुरतात, सहावं लावलं तर शेजाऱ्यांना वांगी वाटावी लागतील. दोन झाडांत दोन फूट अंतर ठेवा. रोप संध्याकाळी लावा, कारण ऑक्टोबरचं दुपारचं ऊन वैशाखाला लाजवतं. पहिले तीन दिवस दुपारी डहाळीची किंवा जुन्या गोणपाटाची सावली करा. घरी रोप करणार असाल तर बी विरळ पेरा आणि पाणी बेताचं द्या. दाटी आणि ओल एकत्र आली की रोपं मातीलगत बारीक होऊन कोलमडतात, ती पुन्हा उभी राहत नाहीत.

गाजराला पंचाण्णव-शंभर दिवस. पेरणी ५ ऑक्टोबरच्या सुमारास. देशी लाल जात घ्या, ती आपल्या उबदार हिवाळ्यात नारिंगीपेक्षा बरी भरते. गाजराचं रोप करून लावायचं नसतं, बी थेट जागेवर पडलं पाहिजे. बी फार बारीक असतं, त्याला चौपट कोरडी वाळू मिसळून बोटभर अंतरावरच्या उथळ रेघांत सोडा, वरून नखभर माती. मग खरी परीक्षा सुरू होते. उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात आणि तोवर वरची माती एकदाही वाळायला नको. मी ओलं गोणपाट अंथरते आणि त्यावर झारीने सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडते. आठव्या दिवसापासून रोज कोपरा उचलून बघते. हिरवं टोक दिसलं की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं, एक दिवस उशीर झाला तर कोंब पिवळे पडून आडवे होतात. रोपं चार बोटं उंच झाली की विरळणी. दोन रोपांत तीन बोटं अंतर राहील इतकी काढून टाका. जिवावर येतं, पण न काढता सगळी ठेवली तर सगळीच दोरीसारखी बारीक राहतात. पुढे गाजराचं डोकं मातीबाहेर डोकावलं की भर द्या, उघडं राहिलं तर ते हिरवं आणि कडवट होतं.

पावट्याच्या देशी वेलाची एक गंमत आहे. तो दिवसाची लांबी मोजतो. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तो फुलावर येत नाही. जूनमध्ये लावलात तर चार महिने नुसता पाला वाढवत सगळं कुंपण व्यापतो आणि फुलं तरी थंडीच्या तोंडावरच देतो. १० ते १५ ऑक्टोबरला टोकलात तर वेल आटोपशीर राहतो आणि नव्वद दिवसांत शेंगा भरतात. कोकणात भात कापल्यावर त्याच खाचरात, जमिनीतल्या ओलीवर पावट्याच्याच कुळातला वाल करतात, तोही असाच दिवस लहान होताना. दीड फुटावर एकेक जागा धरून दोन-दोन दाणे बोटभर खोल टोका. माणसाच्या उंचीच्या बांबूंना आडव्या सुतळ्या बांधा, मांडव वेल यायच्या आधी उभा करा. नंतर खांब ठोकताना मुळं तुटतात.

हरभरा सर्वांत शेवटी, २० ऑक्टोबरला. ओले घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, पंच्याऐंशी दिवसांत. एका ओळीत चार बोटांवर दाणा, दोन ओळींत फूटभर अंतर. महिन्याचा झाला की शेंडे खुडा. त्याने फांद्या फुटतात आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते, लसणाची फोडणी आणि थोडं पीठ पेरून. बागेतलं पहिलं जेवण हेच, नोव्हेंबरच्या शेवटी. खुडताना बोटांना आंबट लागतं ती हरभऱ्याची आंब. हरभऱ्याला पाण्याचा लाड चालत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, फुलाच्या आधी आणि घाटे भरताना न चुकता, एवढंच. रोज पाणी घातलंत तर पीक उभळतं, पिवळं पडतं. आणि मनाची तयारी ठेवा: अर्ध्या वाफ्यातून पोतंभर हरभरा येत नाही. भोगीच्या भाजीला पुरेल इतका आणि मुलांना सोलून खायला थोडा, एवढाच येतो.

मधल्या मोकळ्या जागेत पालेभाज्या. वांगी लहान असताना त्यांच्यामध्ये मुळा आणि पालक निघून जातात. पावट्याच्या पुढच्या पट्टीत दिवाळीला लसणाच्या पाकळ्या टोका, टोक वर करून. मेथी दर पंधरा दिवसांनी दोन-दोन हात जागेत फेका, महिन्यात काढणीला येते. सगळी एकदम पेरली तर एका आठवड्यात मेथीच मेथी आणि मग काहीच नाही. भोगीच्या कोथिंबिरीचे धने २८ नोव्हेंबरला. धना चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. अख्खा पेरला तर उगवायला फार रेंगाळतो. कांद्याच्या पातीसाठी मोड आलेले कांदे १ डिसेंबरला मातीत दाबले की झालं.

पाणी, आणि बागेत रोजचं पाऊल

मातीत बोट दोन पेरं खुपसा. ओल लागली तर पाणी नको. पालेभाज्यांना साधारण दिवसाआड, वांग्याला थंडीत चार-पाच दिवसांनी भरपूर. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी पानं ओली राहिली तर रात्रभर बुरशीला निमंत्रण. वांग्याच्या बुडाशी उसाचं पाचट किंवा सुका पाला चार बोटं जाड पसरलात तर पाण्याची एखादी पाळी वाचते.

पंधरा दिवसांनी एकदा जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत. एवढ्या बागेला दहा लिटर पुरतं: दहा लिटर पाणी, अर्धा किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत गोणपाटाखाली ठेवा, रोज दोनदा काठीने ढवळा, तीन दिवसांनी झाडांच्या बुडाशी ओता. आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नका.

सगळ्यात मोठं औषध मात्र रोज सकाळची दहा मिनिटं. चहाचा कप हातात घ्या आणि पानं उलटून बघा.

वांग्याचा एखादा शेंडा कोमेजून खाली लोंबला तर आत अळी शिरली आहे. कोमेजलेल्या भागाच्या इंचभर खालून खुडा आणि शेंडा चिरडून टाका, खतखड्ड्यात नको. पहिल्या दोन महिन्यांत हे चुकवलं नाही तर पुढे फळातली अळी बरीच आटोक्यात राहते. भोक पडलेलं वांगंही झाडावर ठेवू नका. हरभऱ्यात घाटेअळी येते. वाफ्यात इंग्रजी टी आकाराच्या दोन-तीन काठ्या रोवा, हरभऱ्यापेक्षा हातभर उंच. कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून अळ्या टिपतात. घाटे भरू लागले की काठ्या काढा, नाहीतर पाखरं घाट्यांवरही उतरतील.

डिसेंबरात दोन दिवस ढगाळ गेले की पावट्याच्या शेंड्यांवर काळा मावा बसलाच म्हणून समजा. घाबरून जाऊ नका. आधी नीट बघा, त्यात काळपट, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी खरबरीत अळी फिरताना दिसते का. ती ढालकिड्याची पिल्लं. पूर्ण वाढलेला लाल ठिपकेदार ढालकिडा सगळे ओळखतात, पिल्लं मात्र कीड समजून मारली जातात, आणि माव्याचा सर्वांत मोठा वैरी आपल्याच हाताने जातो. ती असतील तर आठवडाभर काहीही फवारू नका. नसतील तर पाण्याचा जोराचा फवारा द्या, आणि तेवढ्याने भागलं नाही तर निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्याने गाळून त्यात चिमूटभर साबणाचा चुरा, फवारणी संध्याकाळी.

एखादं वांग्याचं झाड बारीक पानांचे झुपके करून बसलं आणि फूलच देईना तर ते उपटा. तो रोग बरा होत नाही, तुडतुडे तो शेजारच्या झाडांवर नेतात. बांधाला पाच-सहा झेंडू लावा. घाटेअळीची मादी त्यावर अंडी घालायला जाते, मुळाशी सूत्रकृमी (मुळांना लागणारे अतिबारीक किडे) कमी राहतात, आणि दसऱ्यानंतरही दाराला फुलं मिळतात.

भोगीच्या सकाळी

आदल्या संध्याकाळी गाजराच्या वाफ्याला पाणी द्या, म्हणजे सकाळी उपटताना ती तुटत नाहीत. वांगी देठ ठेवून कात्रीने काढा, ओढू नका. पावट्याची शेंग दाणे फुगलेली पण साल अजून हिरवी असताना. हरभऱ्याचं पूर्ण झाड मातीलगत कापून आणा आणि ओसरीवर बसून घाटे सोला. त्या कामाला घरातले सगळे आपोआप जमतात. काही तरी कमी पडेलच. माझ्याकडे पहिल्या हिवाळ्यात गाजरं बोटाएवढीच झाली होती, तीही अख्खीच कढईत टाकली. तीळ, गूळ, ऊस, बोरं बाजारातून आणावी लागतात, ती आणा.

भोगी झाली तरी बाग संपत नाही. वांगी मार्चपर्यंत चालतात. लसूण फेब्रुवारीच्या शेवटी, पात पिवळी पडून लोळू लागली की काढा. गाजर-हरभऱ्याच्या मोकळ्या वाफ्यात फेब्रुवारीच्या सुरुवातीला भेंडी आणि गवार टोका, त्यांना वाढतं ऊन आवडतं. हरभरा आणि पावटा काढताना मुळं मातीतच राहू द्या, त्यांच्या गाठींतला नत्र त्या जागेतल्या पुढच्या पिकाला मिळतो.

पावट्याच्या सर्वांत लवकर भरलेल्या, टपोऱ्या शेंगांपैकी पंधरा-वीस शेंगांना सुरुवातीलाच रंगीत दोरा बांधा आणि त्यांना कोणीही हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवा. त्या वेलावरच खडखडीत वाळू द्या. फोडून दाणे दोन दिवस सावलीत पसरा, मग कोरड्या बरणीत चाळलेली राख आणि मूठभर वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून झाकण घट्ट लावा. बरणीवर महिना आणि वर्ष लिहा. पुढच्या ऑक्टोबरात टोकायचं बी तेच.